ओलं गोणपाट

काकडी पुसण्यात माझा हात धरणारं आमच्या आसपासच्या मळ्यांत कुणी नव्हतं. ही बढाई नाही. सासूबाईंनीसुद्धा ते मान्य केलं होतं, आणि त्या कुणाचं काही चांगलं मान्य करणाऱ्यातल्या नव्हत्या. वेलीवरून नुकत्याच तोडलेल्या कोवळ्या काकडीला बारीक काटे असतात, हाताला खरखरतात. तशीच बाजारात नेली तर गिऱ्हाईक उचलतं आणि परत ठेवतं. म्हणून सकाळी हौदाच्या कडेला बसायचं, गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, काकडी त्यात धरायची आणि देठापासून खाली एकदाच हात ओढायचा. काटे गोणपाटाला लागतात, काकडी गुळगुळीत होते. जोर किती लावायचा हे मात्र हाताला कळावं लागतं. कमी पडला तर काटे राहतात. जास्त झाला तर साल खरवडली जाते आणि दुपारपर्यंत तिथे तपकिरी डाग पडतो. अशी डागाळलेली काकडी मग घरीच खायची.

आमचा मळा नाशिकला, इंदिरानगरच्या पलीकडे होता. नव्वदीच्या त्या वर्षांत तिकडे बंगले उठायला लागले आणि बघता बघता शहर आमच्या कुंपणाशी येऊन उभं राहिलं. कॉलनीतल्या बायका सकाळी कुंपणाशी येऊन मेथी, कोथिंबीर, घोसाळी घेऊन जायच्या. माझी एकुलती एक लेक तेव्हा चौथीत होती. तिची शाळा दुपारची, म्हणून सकाळी भाजी द्यायला तीच उभी राहायची. बिनबाह्यांचा फ्रॉक, दोन वेण्या आणि तोंड सतत चालू. बायकांना ती फार आवडायची. मेथी घ्यायला आलेली बाई तिच्याशी बोलता बोलता घोसाळीही घेऊन जायची.

एका सकाळी एक नवीन बाई आल्या. लेकीने त्यांना मेथीची जुडी दिली. त्यांनी ती घेतली, तिच्या दंडाकडे पाहिलं आणि जुडी परत पाटीत ठेवली. मला म्हणाल्या, “हिला काही लागण झालीये का हो?”

“कसली लागण?”

“दंडावर काय आलंय ते?” असं म्हणून त्यांनी पाटीच्या पार तळातली दुसरी जुडी स्वतःच्या हाताने काढून घेतली आणि गेल्या.

लेकीच्या दोन्ही दंडांवर, मागच्या बाजूला, बारीक दाणे होते. थंडी वाजली की अंगावर काटा येतो ना, तसा काटा आला आणि परत गेलाच नाही, असं दिसायचं. खाज नाही, दुखणं नाही. मी ते आधी पाहिलं होतं, पण उष्णतेने आलं असेल म्हणून सोडून दिलं होतं. लेक मान वळवून स्वतःच्या दंडाकडे बघत उभी राहिली. त्या दिवशी तिने पुढच्या गिऱ्हाइकाला जुडी दिली ती हात अंगाशी घट्ट धरून. मला राग यायला हवा होता त्या बाईचा. आला लेकीचा.

शाळेतून आल्यावर तिला हौदाशी बसवलं. सासूबाई लसूण निवडत होत्या. त्यांनी नातीचा दंड चाचपला.

“काकडीवानी झालाय गं. लय मळ बसलाय. नीट घासत नाय ती अंघोळीला. तू घास, तुझा हात चांगला हाय.”

दहा वर्षांच्या संसारात सासूबाईंनी पहिल्यांदाच माझं तोंडावर कौतुक केलं, आणि ते असं कामी आलं. सकाळचं गोणपाट दोरीवर वाळत होतं. ते ओढलं, ओलं केलं आणि खांद्यापासून कोपरापर्यंत हात ओढला.

“आई, टोचतंय!”

“टोचणारच. काटे निघतायत.”

दंड लालबुंद झाले. वरून खोबरेल तेल लावलं, बोट फिरवून पाहिलं, आणि खरं सांगते, अगदी गुळगुळीत लागले. मी तिलाही बोट फिरवायला लावलं. तिने डोळे पुसत फिरवलं आणि हसली. मला वाटलं, केवढीशी गोष्ट होती आणि आपण उगाच इतके दिवस दुर्लक्ष केलं.

दोन दिवस तसेच राहिले. तिसऱ्या दिवशी तिची वेणी घालताना माझं मनगट तिच्या दंडाला लागलं. सगळं होतं तसं परत आलेलं.

ते दाणे अजिबात गेले नसते तर मी नाद सोडला असता. पण दोन दिवस का होईना, गेले होते. तेवढ्यानेच मी फसले. एकदा घासून दोन दिवस जातात, तर नेमाने घासल्यावर कायमचे का जाणार नाहीत? मग दर रविवारी अंघोळीच्या आधी तिचे दंड माझ्या ताब्यात असायचे. ती रडायला लागली की आवाज शेजारच्या मळ्यापर्यंत जायचा, म्हणून मी तिला पाढे म्हणायला लावायचे. एका दंडाला बारा ते पंधरा, दुसऱ्याला सोळा ते एकोणीस. सतराच्या पाढ्याला तिचा आवाज फाटायचा, कारण तोवर माझा हात दंडाच्या आतल्या मऊ भागाशी पोचलेला असायचा. शाळेत बाईंनी तिच्या पाढ्यांचं वर्गात कौतुक केलं. मी ते चार घरी सांगत फिरले.

गोणपाटाने भागेना, तेव्हा वेलीवर मुद्दाम जून होऊ दिलेलं घोसाळं वाळवून त्याची जाळी काढली. मग मीठ आणि साय. मग मसुराच्या डाळीचं जाडसर पीठ. चांदवडच्या माझ्या बहिणीने लिंबू सांगितलं. ते खरचटलेल्या कातडीवर पिळलं तेव्हा पोरगी अंगणभर पळत सुटली आणि मी तिच्यामागे. एकदा तर टाचा घासायची वजरी घेतली. त्या दिवशी रक्त आलं. मी तिलाच ओरडले, तू हललीस म्हणून लागलं, असं.

थंडीत नाशिकची हवा अशी कोरडी की ओठ, टाचा, सगळंच फुटतं. दिवाळी झाली की ते दाणे दुप्पट जोमाने यायचे आणि मी दुप्पट जोमाने घासायचे. पावसाळ्यात जरा नरमायचे. तेव्हा मी म्हणायचे, बघ, आपल्या मेहनतीला यश आलं. पुढच्या थंडीत ते यश कुठे जायचं ते मी कधी स्वतःला विचारलं नाही.

तिचे बाबा एकदा दारातून म्हणाले, “राहू दे गं. पोर कळवळते.”

“मग तुम्ही सांगा काय करायचं ते.”

ते पाट्या भरायला निघून गेले. मला त्यांचा भयंकर राग आला. आज कळतं, तो राग ते बोलले म्हणून नव्हता, निघून गेले म्हणून होता. त्यांनी माझ्या हातातून ते गोणपाट काढून घ्यायला हवं होतं. माझ्याने ते खाली ठेवलं जात नव्हतं. ठेवलं असतं तर ती कॉलनीतली बाई खरी ठरली असती, आणि माझ्या लेकीच्या हातची जुडी कुणी घेणार नाही हे मला मान्य करावं लागलं असतं. मी फार घाबरलेली होते. घाबरलेली बाई किती जोर लावते ते तिचं तिला कळत नाही.

आठवीत गेल्यावर लेक ऐकेनाशी झाली. रविवारी सकाळीच मैत्रिणीकडे निघून जायची. मी कधी गाठलं तर दात ओठ खाऊन बसायची, पण पाढे म्हणायची नाही. मे महिन्याच्या उन्हात लांब बाह्यांचे ड्रेस घालायची. कुंपणाशी भाजी द्यायला उभं राहणं तर तिने कधीच सोडलं होतं. तिच्या दंडांवर आता दाण्यांच्या जोडीला तपकिरी डाग दिसायला लागले होते, खांद्यापासून कोपरापर्यंत. मला वाटलं, रोग वाढला. रोज सकाळी पाटीतून डागाळलेल्या काकड्या बाजूला काढणारी बाई मी, आणि मला वाटलं, रोग वाढला.

दहावीच्या सुट्टीत तिच्या दंडावर पिकलेले फोड आले. त्याच्या दोनच दिवस आधी मी तिला हातापाया पडून एकदा, शेवटचं एकदा, म्हणून घासलं होतं. मग मात्र भ्यायले आणि तिला बसने शहरात घेऊन गेले, एका त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे. त्यांनी भिंग लावून दोन्ही दंड बघितले. कागदावर एक लांबलचक नाव लिहिलं, केराटोसिस पिलारिस. मी घाईने विचारलं, “बरं होईल ना हे?”

त्या हसल्या. “अहो, घाबरू नका. केसांच्या मुळाशी कातडीचा जास्तीचा थर साचतो, त्याचे हे दाणे. कितीतरी जणांना असतात. लागण नाही, मळ तर नाहीच नाही. वय वाढेल तसे बहुतेकांचे आपोआप कमी होतात.”

मळ तर नाहीच नाही. सहा वर्षं मी काय काढत होते मग?

“आणि हे डाग?” मी विचारलं.

“हे घासल्याचे. हे फोडही त्यानेच पिकलेत. दाणे जातील एक दिवस, पण हे डाग जायला फार वेळ लागेल. काही राहतीलही.” त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. “इतकं कोण घासतं?”

माझे हात मांडीवर होते. मेथी निवडून बोटं हिरवट झालेली. ते मी पदराखाली घेतले.

“मीच,” लेक म्हणाली. “मीच घासते.”

डॉक्टरबाई तिला बोलल्या. रागावून नाही, पण बरंच बोलल्या. शिकतेस ना तू, स्वतःच्या अंगाशी कुणी असं वागतं का, आरशात बघून रडत असशील आणि मग घासत असशील, हो ना? लेक मान खाली घालून हो म्हणाली. मी शेजारच्या खुर्चीत बसून होते. तोंड उघडायला दहा वेळा जागा होती. मी एक शब्द बोलले नाही. डॉक्टरबाईंनी फोडांसाठी गोळ्या दिल्या आणि एक मलम लिहून दिलं. अंघोळ झाल्यावर, अंग ओलसर असतानाच हलक्या हाताने लावायचं, बाकी काही करायचं नाही. मला म्हणाल्या, “आई, तुम्ही लक्ष ठेवा हिच्यावर.” मी म्हटलं, “हो.”

बसथांब्यावर उभ्या असताना मला तिचा हात धरून माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते हे, “डॉक्टरांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत.” लेकीने मलमाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली तिथे तिने मला बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिने न्हाणीघराची कडी आतून लावायला सुरुवात केली. आमच्या घरात तोवर दिवसा कुणी कड्या लावत नव्हतं. आत पाण्याचा आवाज थांबला की थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही. मी समजायचे, आता मलम लावत असेल. मला आत जाऊन तिच्या पाठीमागे उभं राहायचं असायचं, तिचा हात मागे पोचत नसेल तिथे लावून द्यायचं असायचं. कडीला हात लावायची हिंमत झाली नाही.

भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडण मला चांगलं जमतं, आणि मिटवायलाही येतं. पण ती माझ्याशी नीट बोलायची, कामात मदत करायची, परीक्षेला जाताना पाया पडायची. फक्त मी जवळ गेले की दंड अंगाशी घ्यायची, त्या सकाळी कुंपणाशी घेतले होते तसे. माझ्यापुढेही ती तेच करायला लागली. केस विंचरायला बसली तरी ओढणी आधी खांद्यावरून ओढून घ्यायची. मला एवढंच हवं होतं की तिने एकदा मला हात लावू द्यावा आणि मी तो नीट लावावा. ते मागायचं कोणत्या तोंडाने?

सासूबाई गेल्या, मळ्याचा अर्धा भाग बंगल्यांखाली गेला, लेक बी. कॉम. झाली. तिला घोटीच्या एका चांगल्या घरात दिली, तांदळाच्या व्यापारातली माणसं. हळदीच्या दिवशी सगळ्या बाया तिला घेरून बसल्या. तिने लांब बाह्यांचं ब्लाउज घातलं होतं. बाया ओरडल्या, अगं बाह्या वर कर, दंडाला हळद नको का? ती हसून म्हणाली, “नको, मला चालत नाही.” माझी पाळी आली. मी वाटीतली हळद घेऊन तिच्यासमोर बसले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि साडी जराशी वर घेऊन पाय पुढे केले. मी तिच्या पायांना हळद लावली, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा लावली, जितका वेळ लावता येईल तितका वेळ लावली. बाया म्हणाल्या, आई रडायला लागली बघा, लेक निघाली म्हणून. मी म्हटलं, हो ना.

दोन वर्षांनी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. आमच्याकडे बाळंतिणीला तेल आईच लावते, पण लेकीने येतानाच सांगितलं, “आई, तुझे गुडघे दुखतात. आपण बाई लावू.” मी काय समजायचं ते समजले. मालीशवाली यायची, दार लोटून घ्यायची. मला बाळ मिळालं, तेवढ्यावर मी खूश होते. खूश होते असं मी स्वतःला सांगत होते.

बाळाची पहिली अंघोळ मी घातली. न्हाणीत पाटावर बसले, पाय लांब केले, नातीला पायांवर पालथं घेतलं. तिच्या खांद्यांवर आणि दंडांवर बारीक काळी लव होती. आमच्याकडे ती लव जावी म्हणून डाळीच्या पिठाचा तेलात मळलेला गोळा बाळाच्या अंगावरून फिरवतात. माझ्या आईने माझ्यावर फिरवला, मी लेकीवर फिरवला. काही विचार न करता मी वाटीतला गोळा उचलला आणि नातीच्या दंडावर ठेवला.

“आई, ते खाली ठेव.”

लेक दारात उभी होती. आठ दिवसांची बाळंतीण, कानाला रुमाल बांधलेला, एका हाताने चौकट धरलेली. आवाज चढवला नव्हता.

“अगं, हे नुसतं पीठ आहे. मऊ आहे.”

“ठेव, आई.”

मी गोळा ठेवला. नुसतं पाणी घातलं, नुसत्या तळव्याने अंग चोळलं, तेही भीत भीत. ती दारातून हलली नाही. दुसऱ्या दिवशी पण आली, तिसऱ्या दिवशी पण. रोज मी पाटावर बसले की पाठीमागे तिची चाहूल लागायची. मी पाणी घालायचे आणि ती माझ्या हातांकडे बघायची. मला आतून रडू फुटायचं आणि रागही यायचा, की मी काय राक्षसीण आहे का? पण एकदाही म्हणाले नाही, तू जा, पडून राहा. तिचं उभं राहणं बरोबर होतं हे मला माहीत होतं.

महिना झाल्यावर माझे गुडघे खरोखरच धरले. पाटावर बसता येईना. त्या दिवशी लेक म्हणाली, “मी घालते. तू वरून पाणी घाल.” ती पाटावर बसली, पाय लांब केले, बाळाला पायांवर घेतलं. मग बाह्या भिजतील म्हणून तिने गाऊनच्या बाह्या खांद्यापर्यंत गुंडाळल्या.

नऊ-दहा वर्षांनी मी ते दंड पाहत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं होतं, दाणा एकही नव्हता. कातडी अगदी गुळगुळीत होती आणि तिच्यावर खांद्यापासून कोपरापर्यंत तपकिरी पट्टे होते. गोणपाट धरलेला माझा हात जिथून जिथे ओढला जायचा, तिथून तिथपर्यंत. मी काही केलं नसतं तर तिथे आज काहीच नसतं.

ती बाळाच्या पाठीवरून हात फिरवत होती, इतक्या हलक्या हाताने की बाळ झोपायला लागलं होतं.

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. मी म्हटलं, “डॉक्टरबाईंनी विचारलं होतं ना, कोण घासतं म्हणून. तेव्हा मी बोलायला हवं होतं.”

तिचा हात बाळाच्या पाठीवर थांबला. वर बघितलं नाही तिने.

“पाणी घाल, आई,” ती म्हणाली. “तिला गार लागतंय.”

मी पाणी घातलं.